रद्द तिकिटांची लग्नं

१९ नोव्हेंबर १९३६, गुरुवार. चुडावा टेशन.

बाबांनी आज ही वही दिली. मालगाडीच्या नोंदीचं जुनं रजिस्टर आहे, अर्धं कोरं. म्हणाले, "रोज चार ओळी लिही सुमे. बोलत नाहीस तर निदान लिही तरी."

मी बोलत नाही असं नाही. घरात लय बोलते. आई म्हणते, घरात भोंगा अन् दारात गोगलगाय. बाहेरचं माणूस दिसलं की माझी जीभ टाळूला चिकटते, त्याला मी काय करू? परभणीला शाळेत उभं राहून वाचायची पाळी आली की घाम फुटायचा. चौथीत होते तेव्हा बाबांची बदली इथं चुडाव्याला झाली. इथं मुलींची शाळा नाही, म्हणून शाळा सुटली. सगळे हळहळले. मी मनातल्या मनात फुगडी घातली. आता सोळावं लागलंय.

घरात सध्या एकच विषय, बाबांचं इम्तेहान. बाबा इथं तारबाबू आहेत. दिवसभर कट्कट् कट्कट् तारा घ्यायच्या अन् द्यायच्या. टेशनमास्तर व्हायचं तर सिकंदराबादला जाऊन इंग्रजीचं लेखी इम्तेहान द्यावं लागतं. दोनदा दिलं, दोनदा नापास. तिसरं जानेवारीत. तीनच खेपा बसू देतात. ही खेप गेली की जन्मभर तारबाबूच.

बाबा उर्दूत शिकले. उर्दू अर्ज असा लिहितात की वाचणाऱ्यानं वाहवा म्हणावं. पण इंग्रजी वाक्य आलं की बैल बुजावा तसे बुजतात. मागच्या खेपेला अपघाताचा रिपोर्ट लिहायचा होता. बाबांनी लिहिलं, बैलानं अॅक्सिडेंट 'डू' केला अन् गाडीवानानं मार 'ईट' केला.

आई म्हणाली, "मग चुकलं काय त्यात? खाल्लाच असंल की मार."

२२ नोव्हेंबर, रविवार

सापडलं! सापडलं! सापडलं!

बाबा दाढी करायलेत अन् मी त्यांना मोठ्या हापिसातून आलेले जुने हुकूम वाचून दाखवायले. इंग्रजीत असतात (वाचायला मला बाबांनीच शिकवलंय), टाचून ठेवलेली मोठी चळत आहे. वाचता वाचता वाटलं, हे आत्ताच वाचलं होतं की. मागं बघितलं. 'चार्ज' हा शब्द पाच हुकमांत आला अन् पाचही वेळा त्याच्या आधी 'टेक'. 'एंट्री' आली की संगं 'मेक'. अन् 'अटेन्शन'? त्याला 'पे'! लक्ष काय पगारासारखं देतात का काय!

मी अशी ओरडले की बाबांच्या गालाला वस्तरा लागला.

"बाबा, तुमी मराठी वाक्य मनात धरून त्याचं इंग्रजी करता, म्हणून फसता. ह्यांच्यात सोयरिकी आधीच जमलेल्या असतात. कोणत्या नामाला कोणतं क्रियापद, ठरलेलं!"

बाबा गालाला तुरटी लावत म्हणाले, "मग आपण कोण? भटजी?"

"आपण निसते वऱ्हाडी. कोणाचं कोणाशी लागलंय ते बघून घ्यायचं अन् ध्यानात ठेवायचं."

बाबा माझ्याकडं बघतच राहिले. फेस वाळला तरी बघत होते. चौथीपर्यंतच शिकले मी, म्हणून असंल.

२४ नोव्हेंबर

बाबा म्हणाले, रिस्कला 'टेक'. मी हुकूम काढून दाखवला, 'रन' लिहिलंय. जोखीम पळवतात! बाबा ऐकायला तयार नाहीत. जेवताना पण भांडलो. लय मजा आली.

२९ नोव्हेंबर, रविवार

भाडं बदललं म्हणून जुनी तिकिटं रद्द झाली. ती जाळून टाकायची अन् जाळली म्हणून लिहून पाठवायचं, असा हुकूम आला होता. काल बाबांनी कागदावर "जाळली" लिहून सही केली. खाली टेशनमास्तर बन्सीधर मास्तरांनी केली. कागद गाडीनं रवाना झाला. मग बाबा तिकिटं घेऊन चुलीपाशी आले अन् थांबले.

कसलं सुंदर पुठ्ठ्याचं तिकीट! करकरीत, बोटाएवढं, मागची बाजू कोरी पांढरी. बाबा म्हणाले, "जाळायला जिवावर येतंय. सुमे, तुला पाहिजेत?"

मला तर रडूच आलं आनंदानं. चौऱ्याऐंशी तिकिटं! एकावर नाम, एकावर क्रियापद. जोडी जमली की लाल दोऱ्यानं गाठ मारायची. लागलं लगीन!

आई म्हणाली, "एवढी लग्नं लावताय, पंगत कधी हाय?"

६ डिसेंबर, रविवार

आज 'इज' अन् 'आर'. हसून हसून पोट दुखलं.

लगेज कितीबी असू दे, दहा ट्रंका, पाच वळकट्या, तरी 'इज'. गुड्स मात्र कायम 'आर'. न्यूजला शेवटी 'एस' लागलाय तरी 'इज', अन् कॅटलला 'एस' नाही तरी 'आर'! बाबा म्हणाले, "लगेज म्हणजे एकत्र कुटुंब, एकच चूल. अन् गुड्स म्हणजे वाटण्या झालेले भाऊ." पोलिसाला पण 'आर'.

आई भाकरी थापत म्हणाली, "बरोबरच हाय. एकटा कुठं येतो तो?"

मग मला वाटलं, आपण तरी काय कमी आहोत? आपली 'लागणे' बघा. भूक तिची, झोप तिची, ठेच तिची, उचकी तिची, आग तिची, नाद तिचा. केवढा मोठा बारदाना! अन् 'खाणे'? आपण मार खातो, शपथ खातो, हवा खातो, भाव खातो, एकमेकांचं डोकं खातो. इंग्रजांना वाटत असंल, काय भुकेली माणसं आहेत ही.

'कीप' मला सगळ्यात आवडली. ती वचन पाळते, वेळ पाळते अन् डायरीपण तीच ठेवते. म्हणजे ही वही मी लिहीत नाही, 'कीप' करते. साहेबीणच झाले की.

१२ डिसेंबर

अडतीस लग्नं झाली. बाबा एक जोडी रोज विसरतात, मिस्टेकला 'मेक' की 'डू'. रोज विचारतात, रोज मी सांगते. आज विचारताना गालात हसायलेत असं वाटलं. मी जोरात सांगितलं, "मेक! मेक! मेक!" तर म्हणाले, "आता असंच दारात उभं राहून सांग." दारात कशाला? दारात कोण इम्तेहान देणार आहे?

२० डिसेंबर, रविवार

सत्यानाश. लग्नाचं सगळं वऱ्हाड गायब!

बेचाळीसच्या बेचाळीस जोड्या काल सुपात घालून ओट्यावर उन्हाला ठेवल्या होत्या, कारण दोऱ्याला हळद लावली होती. (आईनंच लावली. म्हणाली, लगीन म्हणल्यावर हळद नको का?) संध्याकाळी बघते तर सूप रिकामं. गाईनं खाल्ल्या म्हणावं तर गाय बांधलेली. दिवसभर कोणालाच काही सुचलं नाही.

२१ डिसेंबर

कळलं. आश्रुबामामांनी नेल्या.

आश्रुबामामा इथले सांधेवाले. रूळ बदलायचे, सिग्नलचे दिवे लावायचे, गाडी आली की फाटकाशी उभं राहून उतारूंची तिकिटं गोळा करायची. अक्षरओळख नाही, पण माणूस सोन्यासारखा. गोळा झालेल्या तिकिटांची थैली दर रविवारच्या गाडीनं सिकंदराबादला हिशेबाच्या हापिसात जाते. बाबांनी सहज विचारलं तर आश्रुबामामा खुशीत म्हणाले, "व्हय बाबूसाब, तुमच्या वट्यावर टिकटं पडली व्हती सुपात. म्हन्लं, राहिली वाटतं. समदी थैलीत भरली बगा. एकबी ठिवलं न्हाई."

बाबा खालीच बसले.

आधी मला हसू आलं. हिशेबाच्या हापिसात कोणीतरी थैली उघडील अन् आतून हळद लावलेली बेचाळीस जोडपी निघतील! मग बाबांचं तोंड बघितलं. ज्या तिकिटांवर "जाळली" म्हणून बाबांची सही आहे, तीच तिकिटं चालत सिकंदराबादला गेली.

२९ डिसेंबर, मंगळवार

आला. लिफाफा आला. इंग्रजीत दोन सवाल. एक, अठ्ठावीस नोव्हेंबरला जाळलेली तिकिटं तेवीस दिवसांनी आमच्या हापिसात कशी आली? दोन, ती दोन दोन करून कशासाठी बांधली आहेत? आठ दिवसांत खुलासा 'सबमिट' करा.

(एक्स्प्लनेशनला 'सबमिट'. ही जोडी आमच्याकडं नव्हती.)

३० डिसेंबर

आजच्यासारखा दिवस नाही!

सकाळी बन्सीधर मास्तर घरी आले. मी दाराआड. ते म्हणाले, "दिनकरराव, डोकं थंड ठेवा. जाळायचं काम आश्रुबाला सांगितलं होतं, त्यानं जाळलं नाही, थैलीत टाकलं, असं लिहून द्या. अडाणी माणूस, बोलणी खाईल अन् मोकळा होईल. तुमचं इम्तेहान एकोणीस दिवसांवर आलंय. माझी पण सही आहे कागदावर. पोरं-बाळं आहेत मला."

बाबा लिफाफा उलटसुलट करत राहिले. मास्तर गेल्यावर मला म्हणाले, "तूच लिही सुमे. माझं डोकं चालत नाही."

मी! सरकारी खुलासा मी!

दिवसभर लिहिलं. चळतीतले हुकूम काढून एकेक जोडी बघून घातली. पॉइंट्समनला, म्हणजे सांधेवाल्याला, ऑर्डर 'गिव' केली होती. त्यानं ती 'ओबे' केली नाही. त्यानं मिस्टेक 'मेक' केली. त्याला वॉर्निंग 'गिव' केली आहे. टिकेट्स 'वेअर', 'वॉज' नाही. सतरा क्रियापदं अन् एक पण चूक नाही. तीनदा तपासलं. शेवटी 'आय हॅव द ऑनर टु बी, सर' लिहिताना तर माझा हातच नाचायला लागला.

बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "इंग्रजी बरोबर आहे." एवढंच. दमले असतील. आई भाकरी थापता थापता थांबली होती, तिची करपली. मी म्हणलं, "आई, लक्ष कुठं आहे तुझं? पे अटेन्शन!" ती हसली नाही.

मास्तरांनी वाचून मान डोलावली. म्हणाले, खाली आश्रुबाचा अंगठा पाहिजे, म्हणजे चूक कबूल. उद्या घ्या.

३१ डिसेंबर, गुरुवार

आश्रुबामामा दुपारी ओट्यावर आले. हात धुऊन, टोपी नीट करून आले होते. बाबा तारेवर होते. मामांना बघून मी आत पळत नाही, ते लहानपणापासूनचे वाटतात.

"मास्तर म्हन्ले, कागदावर आंगठा द्यायचाय. अन् तूच लिवलाय म्हनं?"

"हो मामा. सगळा मीच."

"मंग वाच की माय. आंगठा देयाच्या आगुदर ऐकावं तरी."

मी ऐटीत वाचला. इंग्रजीतून. ते डोळे मिटून, कीर्तनाला बसल्यासारखे ऐकायलेत. झाल्यावर म्हणाले, "लय गोड. इंजिनावानी पळालीस की. आता मराठीत सांग."

मी सांगायला लागले. "तिकिटं जाळायचा हुकूम आश्रुबाला दिला होता. त्यानं हुकूम पाळला नाही. त्यानं..." तिसऱ्या वाक्याला माझा आवाज बारीक झाला. इंग्रजीत हे असं वाटलंच नव्हतं. इंग्रजीत निसत्या जोड्या होत्या.

मामांनी पुढचं स्वतःच पुरं केलं. "त्यानं चूक केली. व्हय?"

मी मान खाली घातली.

"मला कुणी जाळाय सांगितलं न्हवतं माय. आसंल, इसरलो आसंल मी. वय झालं." मग टोपी हातात घेऊन म्हणाले, "चार वर्साखाली एक टिकट हरपलं, तवा माझं नाव लिवून घेतलं व्हतं. दुसऱ्यांदा नाव गेलं की नोकरीवरनं कापतेत म्हन्ले व्हते. म्हनून तर टिकट दिसलं की मी उचलतो, कुटंबी आसू दे." मग शाईच्या डबीकडं बघून म्हणाले, "कुटं लावू? हितं का?"

अंगठा पुढं केला त्यांनी. काळा, तेलकट, मोठा अंगठा. माझ्या सतरा क्रियापदांच्या खाली.

मी कागद ओढला अन् आत पळाले. मोरीत जाऊन बसले. बाहेरून मामा आईला विचारायलेत, "काय झालं हो लेकराला? माझा आंगठा चुकला का?"

१ जानेवारी १९३७, शुक्रवार

रात्रीच बाबांना सांगितलं. बाबांनी कागद घेतला अन् चुलीत घातला. म्हणाले, "हा मात्र खरंच जाळला." अन् हसले. दहा दिवसांनी हसले. मग म्हणाले, "मला कालच कळत होतं सुमे. पण तू इतकी खुशीत होतीस." निखारे सारत, "खोटं कशाला बोलू, मला पण बरंच वाटत होतं."

सकाळी आमी दोघं बसलो. खरं लिहायला लय वेळ लागला. हुकुमांत कबुलीच्या जोड्या सापडतच नाहीत. साहेब कधी चूक कबूल करत नाहीत वाटतं. बाबांनी लिहिलं: तिकिटं मी जाळली नाहीत. मास्तरांनी माझ्या भरवशावर सही केली. पॉइंट्समननं त्याची ड्यूटी 'डू' केली. मग दुसरा सवाल. दोन दोन का बांधली? मी म्हणलं, हे नका सांगू, हसतील. बाबांनी सांगितलं. माझ्या मुलीनं नामांची अन् क्रियापदांची लग्नं लावली, मी तिच्याकडून शिकतो, दोनदा नापास झालो आहे. असं सगळं. हळदीसकट.

मास्तर भडकले. "दिनकरराव, इम्तेहान बुडालं म्हणून समजा. वरून नाव पण कापतील. आश्रुबा काय तुमचा सोयरा लागतो का?"

बाबा म्हणाले, "मास्तर, सोयरा नाही. पण त्याच्याच हातानं रूळ बदलतात. त्याच्या भरवशावर मी रोज गाडीला लाइन क्लिअर देतो."

मास्तर पाय आपटत गेले. तेव्हापासून आमच्याशी अबोला आहे.

५ जानेवारी

आई रोज एक ट्रंक उघडते, भरते अन् परत रिकामी करते. विचारलं तर म्हणते, झुरळं झालीत.

९ जानेवारी, शनिवार

जवाब आला! बाबांच्या हातून लिफाफा फुटेना, मीच फोडला.

एक्स्प्लनेशन 'इज' अॅक्सेप्टेड. दिनकररावांना वॉर्निंग, पुन्हा असं झालं तर गय नाही. एका दिवसाचा पगार कापला. इम्तेहानाला बसायला हरकत नाही!

हरकत नाही! हरकत नाही! मी घरभर नाचले. आईनं देवापुढं साखर ठेवली अन् ट्रंक माळ्यावर टाकली. झुरळं गेली वाटतं.

अन् कागदाच्या अगदी खाली, शिशपेनीनं, दुसऱ्याच कोणाच्या हातची बारीक ओळ होती: रिस्कला 'रन' चालतं, 'टेक' पण चालतं. बाकीची लग्नं ठीक आहेत.

म्हणजे बाबा पण बरोबर होते! अन् रिस्कला दोन बायका! आमी दोघं इतकं हसलो की बाबांना ठसका लागला. सही नाही, नाव नाही. कोण असंल तो? एवढ्या मोठ्या हापिसात बेचाळीस गाठी एकेक करून वाचत बसला असंल.

१८ जानेवारी, सोमवार

कसं लिहू?

बाबा परवाच्या गाडीनं सिकंदराबादला गेले. आज इम्तेहान. दिवसभर मी अन् आई एकमेकींशी भांडलो, विनाकारण. चार वाजता मास्तरांच्या खोलीतून कट्कट् सुरू झालं. मी ओट्यावर कान लावून बसलेले. मला तार कळत नाही, तरी ऐकत होते. थांबलं. मग मास्तर स्वतः दारात आले. सतरा दिवसांत पहिल्यांदा. मी सवयीनं दाराआड.

मास्तर खाकरले. "दिनकररावांची तार आहे. साहेबानं पेपर तिथंच तपासला. पास. मिस्टेक एकच." मग कागदाकडं बघून, "अन् पुढं लिहिलंय, सुमेला आधी सांगा. आता ही सुमे कुठाय?"

"मी!" असं मीच म्हणलं. दाराच्या बाहेर येऊन.

आई रडायला लागली अन् म्हणाली, "आश्रुबाला सांगा गं कोणीतरी!"

मी पळाले. आश्रुबामामा पार पलीकडं, सिग्नलचा दिवा लावायला निघालेले. मधी सगळा प्लॅटफॉर्म, संध्याकाळची गाडी उभी, उतारूच उतारू, गठुडी, कोंबड्या, बायका. मी त्यातून गेले. हाक मारली तर इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकूच येईना. मग मी ओरडले. अशी ओरडले की डब्यातली माणसं खिडकीशी आली. "मामा! बाबा पास झाले!"

मामांनी दिवा खाली ठेवला. आधी हात जोडले, वर बघून. मग म्हणाले, "झालं मंग. आता जाताल तुमी दुसऱ्या टेशनाला. मास्तर व्हऊन."

माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं. दोन महिने ह्याचसाठी मरमर केली अन् हे एवढं ध्यानात आलं नव्हतं. मी तिथंच उभी राहिले. मामांनी रुमालानं त्यांचे डोळे पुसले, मग तोच तेलकट रुमाल माझ्या तोंडावरून फिरवला. म्हणाले, "जा. गाडी सोडायचीय मला. येळ पाळावी लागती."

परत येताना खिडकीतून एका म्हातारीनं विचारलं, "काय झालं गं पोरी? का वरडलीस?"

तिला सांगितलं. ती तिच्या सुनेला म्हणाली, "ऐकलं का गं?" सुनेला नीट कळलं नव्हतं, तिला पहिल्यापासून सांगितलं. तिकिटं, हळद, सगळं. पलीकडच्या बाकावरून कोणी म्हणालं, "जरा मोठ्यानं बोल की बाई, आमाला ऐकू येईना." मग मोठ्यानं सांगितलं. शिट्टी झाली. गाडी हलली, तरी खिडकीला धरून चालत चालत मी सांगतच होते, अन् त्या म्हातारीला पुढचं ऐकायचंच होतं.